विंडोज ११ होम पुरेल की प्रो घेऊ?

मंडळी, मदत हवी आहे. घोडबंदर रोडच्या घरी नवा पीसी जोडतोय. ऐरोलीच्या ऑफिसातून तो रिमोट डेस्कटॉपने (दुरून पीसी चालवायची विंडोजची सोय) उघडायचाय. होमवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, पण होमच्या मशीनमध्ये बाहेरून शिरता येत नाही. ती सोय प्रोमध्येच. प्रोमधली बाकीची साधनं (हायपर-व्ही, ग्रुप पॉलिसी) मला नकोच.

घोळ वेगळाच आहे. राउटरचा वॅन (इंटरनेटकडचा) आयपी १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट: इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते, बाहेरून थेट माझ्या राउटरपर्यंत पोचता येत नाही. म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग नाही (आणि तो उघडा ठेवूही नये!). मग प्रो घेऊन टेलस्केल (दोन्ही मशीन जोडणारं खासगी व्हीपीएन) लावू, की होमवर एनीडेस्कने (दुरून स्क्रीन चालवायचं वेगळं ॲप) भागेल? होमवरून प्रोवर नंतर नुसती प्रॉडक्ट की टाकून जाता येतं, फॉरमॅट लागत नाही, म्हणून घाई नाही. प्रो आणि टेलस्केल कुणी रोज वापरतंय का? स्क्रीन अडखळते का?