हातमागावरील पैठणीच्या व्यवसायाचे समाजमाध्यमांवरील पान एकसंध कसे करावे?

येवल्याचा माग:
नमस्कार. आमचे कुटुंब येवल्यात हातमागावर पैठणी विणते. मधल्या व्यापाऱ्यावर अवलंबून न राहता थेट ग्राहकांपर्यंत पोहोचावे, म्हणून आम्ही इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांवर पान सुरू केले आहे. प्रत्येक साडीचे छायाचित्र स्वतंत्रपणे पाहिले तर चांगले वाटते. परंतु संपूर्ण पान उघडले की केवळ रंगांची गर्दी दिसते. पोपटीशेजारी राणी, त्याखाली सणाच्या शुभेच्छांचे सोनेरी चित्र आणि लगेच ‘साडी उपलब्ध’ अशी लाल अक्षरांतली जाहिरात, असा प्रकार आहे. सर्व छायाचित्रांना एकच फिल्टर लावावा, असे एका परिचितांनी सुचवले आहे. तसे करणे योग्य ठरेल का? लोगो म्हणून बांगडी-मोराची नक्षी घ्यावी, अशी घरच्यांची इच्छा आहे. त्याविषयीही जाणकारांनी मत द्यावे.

छाया-प्रकाश:
फिल्टर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पैठणीत रंग हाच माल असतो. धूपछाव साडीत ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) रंग एक आणि बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) दुसरा असल्यामुळे ती हलली की छटा बदलते, आणि फिल्टर नेमकी हीच गोष्ट पुसून टाकतो. शिवाय पडद्यावर पाहिलेला रंग आणि हाती आलेली साडी यांत फरक पडला, तर ग्राहकाचा विश्वास पहिल्याच खरेदीत जातो.

एकसंधपणा साडीच्या रंगातून न आणता तिच्याभोवतीच्या गोष्टींतून आणावा. पार्श्वभूमी कायमची एकच ठेवावी. फिकट राखाडी भिंत किंवा न रंगवलेले सुती कापड यासाठी उत्तम, कारण त्यावर पोपटीही उठून दिसतो आणि राणीही. प्रकाश खिडकीतून येणारा, पण थेट उन्हाचा नसलेला असावा. फ्लॅश मुळीच वापरू नये, त्याने जरीचा धागा पांढरा पडतो आणि त्याचा सोनेरीपणा नाहीसा होतो. छायाचित्रे घेण्यापूर्वी राखाडी कार्ड धरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग खरे दिसावेत यासाठीची जुळणी) एकदा ठरवून घ्यावा, म्हणजे आज काढलेले चित्र आणि पुढच्या महिन्यात काढलेले चित्र शेजारी ठेवले तरी विसंगत दिसत नाहीत.

प्रत्येक साडीची चौकट आणि अंतरही ठरलेले असावे: आधी संपूर्ण साडी, मग पदर, मग विणीचे जवळून घेतलेले चित्र. यांत पदराच्या मागच्या बाजूचे चित्र आवर्जून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. हातमागावर जरीच्या पोतावर रंगीत धागे एकमेकांत अडकवून नक्षी भरली जाते, त्यामुळे पदर उलटसुलट जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावरील नकलेत मात्र पाठीमागे बहुधा सुटे किंवा कापलेले धागे आढळतात. आपल्या घरच्या कामाची याहून प्रामाणिक ओळख दुसरी नाही, आणि हे चित्र प्रत्येक साडीसोबत आले की तीच आपल्या पानाची खूण होईल.

ब्रँडचे स्वतःचे रंग दोनच असावेत. साड्या इतक्या रंगीत असताना तिसऱ्याची गरज नाही. माझी सूचना काळ्या चंद्रकळा साडीकडे पाहण्याची आहे: काळे अंग आणि लाल काठ. अक्षरे काळी, किंमत किंवा महत्त्वाची सूचना लाल, बाकी सर्व शांत. ही जोडी परंपरेतलीच असल्याने ती उसनी वाटणार नाही.

बांगडी-मोराबद्दल घरच्यांची इच्छा समजण्यासारखी आहे, कारण ती नक्षी मुळात वर्तुळात बसवलेली आणि प्रोफाइलचे चित्रही वर्तुळातच दिसणारे. पण मोबाइलवर ते वर्तुळ इतके लहान होते की मोरांचे पिसारे एकमेकांत मिसळून जातात. तेथे एकाच मोराची ठसठशीत बाह्यरेषा घ्यावी आणि पूर्ण नक्षी साडीच्या पेटीवर व फेसबुकच्या मुखचित्रात वापरावी.

अक्षररेषा:
वरील मताशी मी सहमत आहे. अक्षरांबद्दल थोडी भर घालतो. टंक (फाँट) एकच निवडावा आणि जाड व साधे असे त्याचेच दोन प्रकार वापरावेत. एक टाइप या मुंबईच्या संस्थेने घडवलेला मुक्ता हा टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून तो लहान आकारातही वाचता येतो. पुस्तकी वळण हवे असल्यास टिरो देवनागरी मराठी पाहावा. त्यात ल आणि श यांची मराठी वळणे मिळतात, आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांना ती लगेच जाणवतात. लॅटिन अक्षरांसाठी केलेल्या साच्यात मराठी मजकूर भरताना अक्षरांमधले अंतर वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतर मात्र वाढवावेच लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. साडीच्या छायाचित्रावर थेट अक्षरे छापणे टाळावे. किंमत आणि तपशील पोस्टखालच्या मजकुरात द्यावेत.

पेठेतील सल्लागार:
मांडणीच्या अंगाने लिहिते. इन्स्टाग्रामच्या परिचयाला १५० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून तेथे काव्य न करता ‘येवला, हातमागावरील पैठणी, थेट विणकरांकडून’ एवढे लिहून मागणी कशी नोंदवायची ते सांगावे. नावाच्या रकान्यातील शब्द शोधात येतात. तेथे दुकानाच्या नावाला जोडून ‘पैठणी’ हा शब्द असावा. वर तीन पोस्ट कायम ठेवता येतात. पहिली मागाची, दुसरी अस्सल पैठणी कशी ओळखावी याची आणि तिसरी मागणी व पाठवणीच्या नियमांची असावी. २०२५ पासून ग्रिडमधील, म्हणजे पानावर ओळीने दिसणाऱ्या पोस्टच्या, चौकटी उभ्या, ३:४ प्रमाणात दिसतात. त्यामुळे रीलच्या मुखचित्राचा वरचा व खालचा भाग कापला जातो आणि मुख्य विषय मध्यभागी ठेवावा लागतो.

सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) किंवा भौगोलिक मानांकनाचे (जीआय) चिन्ह शोभेसाठी लावू नये. मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आपली नोंदणी असेल, तर त्या चिन्हासाठी प्रत्येक पोस्टमध्ये एकच जागा ठरवावी.

येवल्याचा माग:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पार्श्वभूमीसाठी सुती कापडाची सोय घरीच होईल. एक शंका उरते: सणांच्या शुभेच्छा पूर्णपणे बंद कराव्यात का? आमचे जुने ग्राहक त्यांना आवर्जून उत्तर देतात.

पेठेतील सल्लागार:
बंद करू नयेत. त्या स्टोरीत टाकाव्यात, म्हणजे चोवीस तासांनी त्या आपोआप निघून जातात, मुख्य पान विस्कटत नाही आणि जुन्या ग्राहकांशी बोलणेही चालू राहते. तयार चित्रे वापरण्याऐवजी पाडव्याला किंवा दसऱ्याला मागावर त्या दिवशी जी साडी चढलेली असेल, तिचेच छायाचित्र घेऊन खाली दोन ओळी लिहाव्यात.