मदत हवी आहे: हॉटेल लाईनकडे मुलं 'तात्पुरती नोकरी' म्हणून बघतात, काय करावं?

नमस्कार मंडळी, मी मालवण भागात आयटीआयच्या मुलांना फूड प्रॉडक्शन, म्हणजे हॉटेलातला स्वयंपाक, शिकवते, एक वर्षाचा ट्रेड, दहावीनंतरची पोरं येतात. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा झाला, तारकर्लीला सीझनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तरी माझ्या वर्गात विचारलं की पुढे काय करणार तर निम्म्यांचं उत्तर पोलीस भरती!

सुरुवातीला खूप उत्साह असतो हो, पांढरा कोट घालून फोटो काढतात, पण गोव्याला ट्रेनिंगला जाऊन आले की चेहरे उतरलेले, बारा-बारा तास उभं राहायचं, गणपतीला सुट्टी नाही, हातात पैसे कमी, आणि वरून गावात लोक विचारतात 'वेटर झालास काय रे?' हे त्यांना सगळ्यात जास्त लागतं. माझी एक विद्यार्थिनी आहे, सुरीवर तिचा हात असा बसलाय की कांदा एकसारखा बारीक, बघत राहावं, पण बाबा म्हणतात, "चेडवाक रात्रीच्या ड्युटीक धाडूचंय नाय." त्यांची काळजी चुकीची आहे असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

खोटी स्वप्नं मला दाखवायची नाहीत. तर या लाईनमध्ये पाच-दहा वर्षं टिकलेलं कोणी आहे का, विशेषतः मुली, किंवा गावातच निवास-न्याहारी चालवणारे? पगार कधी वाढला, रात्रीच्या शिफ्टला जायची-यायची सोय कशी होती, हे मुलांशी आणि पालकांशी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलाल का? कमेंटमध्ये सांगा प्लीज.