नाथसागराच्या गाळात खड्डा खणावा का?

गोदाकाठ
जानेवारीत आम्ही सहा जण तीन कनू (वल्ह्यानं चालवायच्या लांबट, निमुळत्या होड्या) घेऊन नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, दोन मुक्काम करणार आहोत. अभयारण्य आहे, म्हणून परवानगीसाठी अर्ज केलाय. सगळं ठरलं, अडलं ते परसाकडच्या प्रश्नावर. कनूवाल्यांचा सर्वमान्य नियम असा: पाण्यापासून २०० फूट, म्हणजे सत्तरेक पावलं लांब जायचं, वीतभर खोल खड्डा खणायचा, वरून माती लोटायची.

मला हा नियम इथं पटत नाही. जंगलातल्या तळ्याचा काठ सहसा जागचा हलत नाही. जायकवाडीचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पार मागं सरतं, उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. जानेवारीत काठापासून २०० फुटांवर पुरलेलं, धरण भरलं की भाद्रपदात पाण्याखाली. तेच पाणी संभाजीनगर-जालन्याच्या नळाला येतं. म्हणून घट्ट झाकणाचा डबा न्यायचा, दर वेळी वर मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा आणि सगळं परत आणायचं.

पैठणचा
भाऊ, काठावर माणसं पिढ्यान् पिढ्या टमरेल घेऊन जात आलीत. म्हशी दिवसभर डुंबतात, वरच्या शहरांचं सांडपाणी गोदावरीतच येतं. सहा जणांच्या दोन दिवसांनी धरण नासत नाही. आणि कनू उलटली तर? जे मातीत जिरलं असतं ते थेट पाण्यात. परत आणून टाकणार कुठं? कचराकुंडीत टाकलंत तर ते सफाई कामगाराच्या हाताला लागणार. हे मला अजिबात मान्य नाही.

गोदाकाठ
कुंडीत नाहीच. आमचं शेत उंच माळावर आहे, विहिरीपासून लांब खोल खड्डा घेऊन वर्षभर कुजवणार. म्हशीच्या शेणाशी तुलना नको. विषमज्वर, कावीळ माणसाच्या विष्ठेतून माणसाला होते. अमेरिकेत ग्रँड कॅनियनमधून कोलोरॅडो नदीनं जाणाऱ्यांना सगळं डब्यात परत आणावंच लागतं.

विष्णुपुरीची
मी डब्याच्या बाजूची. नांदेडजवळ आम्ही खड्ड्याचा प्रयोग केलाय. वरून भेगाळलेली काळी माती, खाली नुसता चिखल. खुरप्याला चिकटलेला गोळा सुटेना, वीतभर म्हणता चार बोटं खणलं गेलं. सकाळी कुत्र्यानं उकरलेलं.

पण तुम्ही दोघंही आडोशाचं बोलतच नाही. उघड्या काठावर झुडूप नसतं. बायका मग दिवसभर पाणीच पीत नाहीत. मी तेच केलं आणि घरी आल्यावर लघवीची जळजळ, ताप, आठवडा गेला. चार काठ्या आणि जुनं लुगडं आधी बांधा, मग तंबू. पॅडसाठी कागद आणि वेगळा डबा ठेवा.

आणि हात! प्रवासात पोटं बिघडतात त्यात न धुतलेल्या हातांचा वाटा मोठा. मळक्या हाताला सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच हवं. तांब्यानं पाणी घेऊन काठापासून लांब धुवा. ‘पर्यावरणपूरक’ लिहिलेला साबणसुद्धा पाण्यात नको, तो मातीत मुरला तरच विरतो. आंघोळीलाही तेच.

पैठणचा
आडोशाचं ताईंचं खरं आहे, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डब्याबद्दल अजून पटलेलं नाही. नेणारच असाल तर कनूच्या मधल्या आडव्या दांडीला दोरीनं आवळा, आणि आधी घरी पाणी भरून उलटा टांगून बघा.

गोदाकाठ
टांगला. तासाभरात झाकणाच्या कडेनं चार थेंब गळले. आतली रबरी रिंग सैल आहे. तेवढ्या मापाची जाड रिंग संभाजीनगरच्या शहागंजात मिळेल का?