दंड भरून केस मिटली, आता लाळेचा नमुना कशाला?

कुळागरी_डिचोली
कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पाटाच्या पाण्यावरून दादाचं शेजाऱ्याशी वाजलं. फावड्याचा दांडा लागला, मारहाणीचं ३२३ कलम लागलं, तीन वर्षं तारखा. गेल्या आठवड्यात कोर्टाने दोषी ठरवून दंड केला, तो तिथेच भरला. काल ठाण्यावरून फोन: बोटांचे ठसे, फोटो आणि गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना द्यायला या. आई कालपासून एकच विचारते, "कित्याक जाय तांकां?" (कशाला हवं त्यांना?) दादा ५२ वर्षांचा, सुपाऱ्या विकणारा माणूस. नाही म्हणता येतं का?

पेडण्याचो
बिनधास्त नाही म्हणा. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध पुरावा द्यायची सक्ती नाही.

आग्वाद_रिटायर
पेडणेकर, तुमच्या सल्ल्याने त्या बापड्यावर दुसरी केस होईल. मी तुरुंगात नोकरी केली, आधी आग्वादला, २०१५ नंतर कोलवाळला. कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा होता तेव्हा पत्र्यावर काळी शाई रुळाने पसरायची आणि कैद्याचं एकेक बोट नखापासून नखापर्यंत फिरवायचं. शेतकऱ्यांची बोटं घासून गुळगुळीत झालेली, ठसा उठता उठत नसे. त्या कायद्यात रक्त, लाळ नव्हतीच. ४ ऑगस्ट २०२२ पासून नवा कायदा लागू झाला, त्यात 'मोजमाप' या शब्दात बुबुळाचा स्कॅन, जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण, सही, हस्ताक्षर, सगळं आलं. नकार दिला तर तो सरकारी कामात अडथळा.

गंमत बघा. मोबाईल चोरताना पकडलेला माणूस जैविक नमुन्याला नाही म्हणू शकतो, कारण अटक झालेल्याला तशी सूट आहे. फक्त गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा, नाहीतर सात वर्षं वा जास्त शिक्षेचा नसावा. शिक्षा झालेल्याला ही सूट नाही, गुन्हा कुठलाही असो. चेक न वटल्याबद्दल दोषी ठरलेला दुकानदारसुद्धा त्यात आला.

म्हापशेची_वकील
२०(३) चा मुद्दा सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात निकालात काढला. अकरा न्यायाधीश होते. ठसे, हस्ताक्षर देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असं बहुमत. पण कायद्यातले शब्द नीट वाचा: 'मागणी केल्यास' मोजमाप द्यायचं. प्रत्येकाचं घ्यायलाच हवं असं कुठे लिहिलंय? म्हणून मागणी लेखी मागा, नेमकं काय घेणार ते त्यात असू दे. आणि निकालाला आठवडाच झालाय ना? अपिलाला ३० दिवस आहेत. आधी कुठली शिक्षा नसेल आणि अपिलात निर्दोष सुटला, तर सगळे उपाय संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद आहे, कोर्टाने लेखी वेगळं सांगितलं नाही तर.

कुळागरी_डिचोली
आणि अपील नाहीच केलं तर?

आग्वाद_रिटायर
७५ वर्षं. एनसीआरबीकडे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, दिल्लीला. दादा १२७ वर्षांचा होईपर्यंत. मला कापसाचं काही वाटत नाही, दोन मिनिटांचं काम. हे ७५ मात्र घशाखाली उतरत नाही. शाईचा ठसा एकट्याचा असायचा. डीएनए एकट्याचा नसतो हो, तो भाऊ, मुलगा, पुतण्या यांच्याबद्दलही बोलतो. म्हणजे थोडे तुम्हीसुद्धा त्या पाकिटात. डीएनए बँकेसाठी वेगळा कायदा यायचा होता, मंडळ वगैरे नेमणारा. २०१९ चं ते विधेयक सरकारने जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं.

पेडण्याचो
चूक झाली. दादाला माझं सांगू नका.

कुळागरी_डिचोली
सांगितलं नाही. ठाण्यावर लेखी मागितलं, साहेब म्हणाले, सोमवारी बघू. दादा म्हणतो ठसे, फोटो देतो, कापसाचं अपिलाचा अर्ज टाकल्यावर बघू. वकीलबाई, निकालाची प्रत कोर्टातून किती दिवसांत मिळते?