मदत हवी आहे: 2 लाख 90 हजार किमी पळालेली कॅम्पर व्हॅन घ्यावी काय?

नमस्कार मंडळी, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. कोल्हापूर पासिंगची (एमएच 09) 2012 ची टेम्पो ट्रॅव्हलर बघून आलोय, मालकानं आत दोन बेड, गॅसची शेगडी, सिंक, पाण्याची टाकी सगळं बसवलंय आणि साडेपाच लाख सांगतोय. आई-बाबांना सौंदत्तीला, पंढरपूरला न्यायचं, कधी चोर्ला घाटातनं गोव्याला उतरायचं, एवढाच विचार.

इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघितलं, लगेच लागलं, पण रेस केल्यावर निळसर धूर येतोय. म्हणजे ऑइल जळतंय नव्हं? मालक म्हणतो "डिझेल गाडी हाय, एवढं चालतंय". टायरची नक्षी झकास, पण साइडला 2217 छापलंय, म्हणजे 2017 च्या बाविसाव्या आठवड्यातले, रबर कडक झालंय. छतावर खिडकी कापलीय तिथल्या प्लायला ओल लागलीय, आमच्याकडचा पाऊस ठाऊकच आहे तुम्हाला. चॅसीखाली मात्र मी वाकून बघितलंच नाही, नवी पँट होती.

खरी काळजी कागदांची. आतलं एवढं बदललंय पण आरसीवर नोंद नाही. वर एनओसी (आरटीओचं ना-हरकत पत्र) आणून बेळगाव पासिंग (केए 22) करायचं तर कर्नाटकचा टॅक्स, आणि 2027 ला 15 वर्षं पुरी, परत फिटनेस. हे सगळं धरून कितीला पडेल, कुणी केलंय काय? बेळगावच्या उद्यमबागेत डिझेल इंजिनचं कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) नीट तपासणारा मेकॅनिक असला तर सांगा. बायको म्हणते त्या पैशात गोठ्यावर पत्रे घाला. रविवारी टोकन द्यायचंय, त्याआधी बोला.