बॉडी राहू द्या, आधी लेन्स नि ट्रायपॉड बघा

भाऊ, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेऊ की आहे त्या क्रॉप बॉडीवरच (लहान सेन्सरच्या) आकाशगंगेचे फोटो काढू असं विचारलंय तुम्ही, तर माझं मत, बॉडीला आत्ता हात लावू नका. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येते ती, १८ मिमीला एफ ३.५ देते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), तिच्याजागी सम्यांगची १४ मिमी एफ २.८ मॅन्युअल घेतली की दीडपट उजेड येतो आणि फ्रेमपण मोठी मिळते. ऑटोफोकस नाही म्हणून घाबरू नका, अंधारात तसाही तो काही कामाचा नसतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर) एखादा ठळक तारा झूम करून टिपका बारीक होईपर्यंत रिंग फिरवायची बास.

शटर किती सेकंद उघडं ठेवायचं त्याचं गणित म्हणजे ५०० भागिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), पण क्रॉपवर ती आधी १.५ ने गुणा हां, म्हणजे १४ ला साधारण २४ सेकंद, मी तर २० च ठेवतो नाहीतर तारे लांबट दिसतात. उरलेले पैसे ट्रायपॉडला. अंजनेरीच्या पठारावर वाऱ्याने माझा हलका ट्रायपॉड असा थरथरला की रात्रभराचे सगळे फोटो वाया, तेव्हापासून वजनासाठी बॅग ट्रायपॉडखाली लटकवतो.

जागेचं म्हणाल तर नाशिकचं गंगापूर धरण लँडस्केपला झकास पण रात्री शहराचा उजेड नडतो. भंडारदऱ्याला जा, तिथून नाशिकचा उजेड उत्तरेला राहतो आणि आकाशगंगेचा मधला भाग दक्षिणेकडे, तिकडे चांगला काळोख. मार्चमधली अमावस्या, पहाटे ३ नंतर. पावसाळ्यात तर विसराच.