छोट्या क्लबमधल्या गिगचे फोटो सगळे लालभडक येतायत, काय करू?

अर्धवट_रिफ
मंडळी मदत हवीय. मित्राचा बँड आहे, चौघं जण, मराठीत स्वतःची गाणी करतात, आणि गेल्या शनिवारी लोअर परळच्या एका क्लबात त्यांचा पहिला मोठा सेट होता. मोठा म्हणजे चाळीस मिनिटांचा, माणसं असतील साठेक, स्टेज जेमतेम फूटभर उंच. फोटो मी काढतो म्हणालो. कॅनन १५००डी आहे माझ्याकडे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. ४१२ फोटो काढले, घरी येऊन बघतोय तर धड नऊच. गाणाऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता लाल गोळा, नाक-डोळे काही नाही, ड्रमर तर एकाही फोटोत दिसत नाही, आणि ऑटोफोकस सारखा पुढेमागे करत बसायचा, तेवढ्यात तो क्षण गेलेला असायचा. एकदाच फ्लॅश मारला, बेसवाल्यानं गचकन डोळे मिटले, फार वाईट वाटलं, परत नाही मारला.

लेन्स बदलावी लागेल का? बजेट दहा हजारांच्या आत. आणि दुसरं, हे जास्त लागलंय मनाला, की डोंबिवलीला परत येताना ट्रेनमध्ये आठवून बघितलं तर एक गाणं धड आठवेना. ज्या गाण्यांची चाल मी त्यांच्या खोलीत बसून पन्नासदा ऐकलीय ती गाणी. तुम्ही ऐकता कधी आणि फोटो काढता कधी?

निळी_काच
लेन्स बदलच. ५० एमएम एफ १.८ घे, तुझ्या बजेटात सेकंडहँड आरामात मिळेल. एफचा आकडा जितका छोटा तितका उजेड जास्त. तुझी लेन्स ५५ ला झूम केली की एफ ५.६ वर जाते, तिथून १.८ म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत येतो, हा फरक छोटा नाही. फक्त तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, त्यावर ५० ची फ्रेम ८० सारखी, म्हणजे आणखी जवळून घेतल्यासारखी दिसते, त्यामुळे छोट्या क्लबात एकच माणूस छातीपर्यंत मावेल, अख्खा बँड हवा तर जुनी लेन्स १८ ला लावून मागे जायचं.

आता लाल गोळ्याचं. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा बनतो. एलईडीचा लाल म्हणजे शुद्ध लाल असतो, हिरव्या-निळ्या चॅनलमध्ये जवळपास काहीच नसतं. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो आणि लाल चॅनल फुटतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता सपाट लाल उरतो. एकदा फुटला की व्हाइट बॅलन्स (रंगछटा सुधारायचं सेटिंग) कितीही फिरव, चेहरा परत येत नाही. म्हणून ऑटो बंद. मॅन्युअलला एफ २, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० इथून सुरू कर, जेपीजी नको, रॉमध्येच म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढ, आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघू नकोस, तीन रंगांचा वेगळा असतो तो लाव. लाल उजव्या भिंतीला टेकला की एक स्टॉप खाली ये, म्हणजे उजेड निम्मा कर. फोटो अंधारा दिसला तरी चालेल, लाल शाबूत असेल तर त्याच चॅनलमधून कृष्णधवल झकास निघतो, माझे अर्धे चांगले फोटो असेच आलेत. फोकसला फक्त मधला पॉइंट ठेव आणि जिथे उजेड-अंधाराची कडा आहे तिथे धर, म्हणजे गालाची कड नाहीतर केसांची कड. सपाट लाल गालावर तो धरणारच नाही.

चिंब_दुपार
सेटिंग वर आलंच आहे, मी उभं कुठे राहायचं ते सांगते, पुण्यात सात-आठ वर्षं हेच करतेय. गाणाऱ्याच्या बरोब्बर समोर उभा राहू नकोस, माइक तोंड खातो. थोडं बाजूला हो, आणि ओळ संपल्यावर तो माइकपासून मागे येतो ना, श्वास घेतो, मान वर करतो, तो फोटो घे. चेहऱ्यावर खरं काय चाललंय ते तेव्हाच दिसतं. ड्रमरसाठी स्टेजच्या कडेला जाऊन बेसवाला आणि त्याचा अँप यांच्यामधून फट शोधावी लागते, आणि ती कुठे आहे हे गर्दीत नाही कळत. म्हणून साउंडचेकला, म्हणजे शोआधी आवाज तपासतात तेव्हा जा, तुझ्या तर ओळखीचेच आहेत. तेव्हा बरेचदा साधे दिवे असतात, सगळे निवांत असतात, गिटारवाल्याच्या पायाशी असलेला इफेक्टचा पेडलबोर्ड, जमिनीला चिकटवलेली सेटलिस्ट म्हणजे गाण्यांची यादी, सगळं मिळतं.

मोठ्या कॉन्सर्टला फोटो फक्त पहिली तीन गाणी काढायचे आणि फ्लॅश मारायचा नाही असा नियम असतो. क्लबात कोणी अडवत नाही म्हणून आपणच आपल्याला तशी मर्यादा घालायची, गाणी कुठलीही असोत. साठ लोकांत पुढे उभा राहिलास तर मागच्या दहा जणांना तुझी पाठच दिसते रे, ते पण तिकीट काढून आलेत. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी कर. आणि इअरप्लग घाल, स्पीकरला खेटून तू उभा राहणारेस, कान एकदा गेले की गेले.

ऐकण्याचं म्हणशील तर पहिलं गाणं मी कॅमेरा गळ्यातच ठेवते. नुसती ऐकते. मधल्या दोन-तीन गाण्यांत फोटो काढते, शेवटच्या दोन गाण्यांना कॅमेरा बॅगेत. ४१२ नको काढूस, ऐंशी काढ. गाणं माहीत असेल तर ड्रम कधी कोसळणार, गाणारा कधी गप्प होणार हे तुला आधीच कळतं आणि बोट आपोआप दाबलं जातं, त्यामुळे ऐकणं आणि फोटो काढणं ही दोन वेगळी कामं नाहीतच असं माझं ठाम मत आहे. तुला तर ती गाणी पाठ आहेत, हे केवढं भांडवल आहे!

धोबीतलाव_८८
पोरांनो, थोडं जुनं सांगतो. आम्ही धोबीतलावच्या रंगभवनला, म्हणजे तिथल्या खुल्या नाट्यगृहात जायचो, इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव १९८६ ला सुरू झाला तेव्हापासून. रॉक मशीन हा बँड, म्हणजे पुढे १९९३ ला इंडस क्रीड झालेले, ते तिथे बघितलेत. अंधारात चालावी म्हणून ४०० आयएसओची फिल्म १६०० वर ताणायची, रोलमध्ये ३६ फ्रेम, दुसरा रोल घ्यायला पैसे नसायचे. मग हॉस्पिटल-कॉलेजच्या भोवतीच्या शंभर मीटर शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवन बंदच झालं. लोअर परळला ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब २००७ ला आला, २०१६ ला तोही गेला. जागा टिकत नाहीत, बँड तर त्याहून नाहीत.

कॉलेजातल्या एका बँडचे माझ्याकडे अकरा फोटो आहेत. त्यांनी काहीच रेकॉर्ड केलं नव्हतं. त्यातला गिटारवाला गेला तेव्हा त्याच्या मुलीनं माझ्याकडे फोटो मागितले, वडील स्टेजवर कसे दिसायचे हे तिनं पाहिलंच नव्हतं. एका फोटोमागे तारीख लिहिलेली, बाकी दहांवर काही नाही, आणि आता मला ती गिग कुठली ते आठवत नाही, याची खंत आहे. म्हणून त्याच रात्री फाइलला तारीख, जागा, चौघांची नावं घाल. आणि फोटो फक्त गाणाऱ्याला पाठवू नकोस. ड्रमरला पाठव. त्याचे कोणाकडेच नसतात.

अर्धवट_रिफ
काका, वाचून लगेच आमच्या ड्रमरला फोन केला. सहा वर्षं वाजवतोय, स्टेजवरचा चेहरा दिसेल असा एकही फोटो नाही त्याच्याकडे. ताई, पुढची गिग शुक्रवारी, साउंडचेक पाचला, हाफ डे टाकलाय. ५० ची लेन्स ठाण्यात एकाकडे मिळतेय, उद्या बघायला जातो. त्या नऊ फोटोंना आत्ताच नावं घातली.